आधी बाबाचे खड्डे

माझ्या चेहऱ्यावर खड्डे आहेत, हे मी स्वतःच सांगून मोकळा होतो. मी नाही सांगितलं तर मोहाडीच्या बाजारात कोणीही सांगेल, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगेल. बाहेरगावचा माणूस "टिकारामचं कापडाचं दुकान कुठी आहे जी?" असं विचारतो, तेव्हा लोक त्याला बोर्ड सांगत नाहीत. "तो खड्डेवाला ना? सरळ जा, डाव्या हाताले बसला दिसन." बोर्ड चांगला बारा फुटी आहे. कोशाच्या रेशमी साड्या, पंचे, टॉवेल, सगळं पेंटरकडून पक्क्या रंगात लिहून घेतलं आहे. ते वाचायचे कष्ट कोणी घेत नाही.

हे खड्डे सोळाव्या वर्षी पडले. पुस्तकात त्या प्रकाराला तारुण्यपीटिका असं लाडाचं नाव आहे. आमच्या घरी नुसत्या पुटकुळ्या म्हणायचे, आणि पुटकुळी आली की नखानं दाबायची, हा एकच उपचार होता. मी मागावर बसल्या बसल्या एका हातानं धोट्याची दोरी ओढायचो आणि दुसऱ्या हातानं गाल कुरतडायचो. वडील ओरडायचे, पण कशासाठी, तर कापडाला रक्ताचा डाग लागेल म्हणून. पुढे लग्नासाठी सुमित्रानं मला पाहिलं. कसा वाटला, असं तिला घरच्यांनी विचारलं तर म्हणाली, "चालते." त्या एका शब्दावर आमचा संसार बावीस वर्षं झाला. तेव्हा माझ्या चेहऱ्याबद्दल माझी काही तक्रार होती असं कोणी समजू नये. फोटो काढताना मी मान जरा वाकडी करतो, पण ती नुसती सवय आहे.

तर गोष्ट फोटोचीच आहे, पण माझ्या नाही, माझ्या पोरीच्या.

रंजिता एकोणीस वर्षांची. तिला नर्स व्हायचं आहे, आणि हे तिनं सातवीतच ठरवलं होतं. मागच्या वर्षी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत थोडक्यात हुकलं. मग पोरीनं वर्षभर घरात बसून अभ्यास केला, सणावारालाही पुस्तक सोडलं नाही. या वर्षीचा फॉर्म निघाला, शेवटची तारीख वीस मार्च. आणि फॉर्म भरायला गेलो तर सेतू केंद्रातला अंकुश म्हणाला, "काका, या साली फोटो लाइव्ह आहे. पोरगी इथं खुर्चीवर बसन, चेहरा पूरा उघडा, कॅमेऱ्यात पाहीन, तवाच फारम पुढं जाते."

रंजिता घरी म्हणाली, "मंग नाही भरत मी फारम."

मी आधी हसलो. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळेच दिसत होते, कारण बाकीचं तोंड स्कार्फमध्ये होतं. घरात, स्वयंपाकघरात, स्वतःच्या बापासमोर पोरगी स्कार्फ बांधून!

झालं होतं असं की वर्षभरात तिच्या गालांवर, कपाळावर पुटकुळ्यांनी नुसता कहर केला होता. तरी ती बाहेर जायची. पण दिवाळीनंतर तिच्या मावसबहिणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, फोटोवाल्यानं भर मांडवात, माईक असल्यासारख्या आवाजात सांगितलं, "त्या ताईले मांगच्या लायनीत घ्या, चेहरा फोटोत खराब येऊन राहिला." पोरगी मागच्या रांगेतही उभी राहिली नाही, सरळ घरी आली. तेव्हापासून स्कार्फ. मैत्रिणींकडे जाणं बंद, बाजार बंद. आणि आता वर्षभराच्या अभ्यासावर पाणी सोडायला तयार, एका फोटोसाठी!

"नखरे आहेत," मी सुमित्राला म्हटलं. "सरकारी फोटो कोणी पाहते काय? माह्या आधारचा फोटो पाहा, पोलिसांच्या यादीतला वाटते."

"तुमची गोठ येगळी आहे," सुमित्रा म्हणाली. वेगळी म्हणजे कशी, हे तिनं सांगितलं नाही.

मग मी कामाला लागलो. माझा स्वभावच असा आहे की घरात अडचण आली की मी स्वस्थ बसत नाही. सुमित्रा म्हणते, बसायला पाहिजे.

आमचे शेजारी केवळरामजी हिवताप विभागातून निवृत्त झाले. तीस वर्षं गावोगाव भिंतींवर औषध फवारलं, म्हणून ते स्वतःला वैद्यकीय क्षेत्रातले मानतात. त्यांनी लांबूनच रंजिताच्या स्कार्फची तपासणी केली आणि निदान केलं, "रगत गरम आहे. शेंगदाणे बंद, अंडी बंद, मोबाइल बंद." मोबाइलचा रक्ताशी काय संबंध, असं मी विचारलं. ते म्हणाले, "टिकाराम, तू कापडातला माणूस, तुले नाही समजणार." मला ते लागलं. म्हटलं, कापडातल्या माणसालाही डोकं असतं, दाखवतोच.

आणि मी कापडातलाच उपाय काढला. कोशाचा धागा काढण्याआधी रेशीमकिड्यांचे कोसले सोडा घालून उकळतात. त्या पाण्यात हात घालणाऱ्या बायांचे तळवे मी लहानपणापासून पाहत आलो, वाटीच्या बुडासारखे गुळगुळीत! मनात आलं, जे तळव्याला होतं ते गालाला का होऊ नये? आंधळगावला कोसले उकळतात, तिथून बाटलीभर ते पाणी आणलं. रंजिता नको नको म्हणत होती. "माह्यावर भरोसा आहे ना?" असं विचारून मी स्वतः कापसानं तिच्या दोन्ही गालांना ते लावलं.

त्या बायांचे तळवे गुळगुळीत का होते, हे मला नंतर कळलं. सोड्यानं त्यांची कातडीच जात होती. रंजिताचे गाल असे लाल झाले की ती दोन दिवस उशीवर तोंड टेकवू शकली नाही. रडली नाही, ओरडली नाही. तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाली, "बाबा, आता तुम्ही काही करू नका." मी दुकानात आलो, तर एका गिऱ्हाइकानं पंचा मागितला आणि मी टॉवेल दिला. मला स्वतःचा इतका राग आला होता की त्या माणसानं भाव केला नाही, याचाही राग आला.

शेवटी सुमित्रा म्हणाली ते मी आधीच करायला हवं होतं. "भंडाऱ्याले कातडीची डॉक्टरीण आहे. शिकलेली आहे. तिले दाखवा."

रंजिता म्हणाली, "डॉक्टरनं खड्डे जातात, तर बाबाचे काहून नाही गेले?"

"बाबा गेलेच नाही ना डॉक्टरकडे."

"मंग आधी बाबाचे खड्डे भरून आणा. बाबाचं बेस झालं तर मी येईन. फोटोही काढीन. नाही तर मले काही सांगू नका."

हे तिनं मला टाळण्यासाठी म्हटलं, हे आज मला समजतं. त्या वेळी मला फक्त "फोटोही काढीन" एवढंच ऐकू आलं. आठ मार्च तारीख होती. बारा दिवस हातात. तीस वर्षांचे खड्डे बारा दिवसांत भरून आणायचे, यात मला काहीच अवघड वाटलं नाही. मोहाडीच्या रस्त्यांबद्दलही मला असंच वाटायचं.

त्याच दिवशी गेलो. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पंधरा-वीस पोरापोरींच्या रांगेत मी एकटा सत्तेचाळीस वर्षांचा. शेजारच्या पोरानं मला विचारलं, "काका, नातवाले आणलं काय?" नंबर आला. बाई तरुण होत्या, बोलणं शांत. दिव्याखाली माझा गाल ताणून पाहिला आणि विचारलं, "त्रास केव्हापासून आहे?"

"तीस वर्षं झाली."

"आणि बरा केव्हापर्यंत हवा आहे?"

"वीस तारखेपर्यंत."

बाईंनी दिवा बंद केला. मग समजावून सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, फार चांगलं सांगितलं. ताज्या पुटकुळ्या वेगळ्या, जुने खड्डे वेगळे. पुटकुळ्यांना मलम असतं, गोळ्या असतात, नेमानं घेतलं की दोन-तीन महिन्यांत आटोक्यात येतात आणि मुख्य म्हणजे खड्डे पडायचे वाचतात. एकदा खड्डा पडला की मात्र लांबचं काम. बारीक सुयांनी टोचून आतून नवी कातडी आणवायची, नाही तर लेझर. काही खड्डे खालून चिकटलेले असतात, ते सुईनं आतून सोडवावे लागतात.

"म्हणजे खालून ताणा आखडला आहे म्हणा ना," मी म्हटलं.

"तसंच समजा. पण त्याला महिने लागतात, चार-सहा वेळा यावं लागतं, आणि तरी पूर्ण सपाट होईल असं मी सांगणार नाही."

मी त्यांना करार सांगितला. पोरगी, फोटो, वीस तारीख, आधी बाबाचे खड्डे. त्या म्हणाल्या, "अहो, मग मुलीलाच आणा ना! औषधाची गरज तिला आहे. तुम्ही तीस वर्षं थांबलात, आणखी तीन महिने थांबलात तर काही बिघडणार नाही."

किती सरळ बोलणं होतं. शहाणा माणूस असता तर उठून घरी आला असता. मी म्हटलं, "मॅडम, काहीतरी करा. थोडा फरक दिसला तरी पोरगी येईन."

मग त्या सौम्य केमिकल पील करायला तयार झाल्या. चेहऱ्याला औषध लावायचं, वरची कातडी आठ-दहा दिवसांत सालीसारखी निघते, खालची जरा नितळ येते. खड्डे जाणार नाहीत, डाग फिके होतील. आधी सूचनांचा कागद वाचून दाखवला. उन्हात जायचं नाही. घासायचं नाही. साल ओढायची नाही. दिलेल्या मलमाशिवाय चेहऱ्याला काही म्हणजे काही लावायचं नाही. मग विचारलं, "या आठवड्यात घरी काही कार्यक्रम?"

"नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोललो नाही. कार्यक्रम माझ्या घरी नव्हता. शहापूरला माझा साळा जागेश्वर, त्याच्या पोराचं लग्न होतं. साळ्याच्या पोराच्या लग्नात माझ्या चेहऱ्याचं काय काम, असा माझा हिशेब.

चार दिवसांनी, बारा तारखेला, हळदीसाठी निघालो. नाकाची साल सुटू लागली होती, गाल लालबुंद. उन्हात जायचं नाही, म्हणून मी सुमित्राचा स्कार्फ बांधला, जांभळ्या फुलांचा. घरी एकटं बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून रंजिताही मागे बसली, तिचा स्कार्फ बांधून. सुमित्रा आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. मोटारसायकलवर बाप-लेक दोघेही तोंडं बांधून चाललोय, हे पाहून वरठीच्या फाटकाजवळ एक ओळखीचा माणूस ओरडला, "काहो वहिनी, टिकारामभाऊ नाही आले?" मागून रंजिताचं पोट हललेलं मला पाठीला जाणवलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा पोरगी हसली असावी. तेवढ्या एका कारणासाठी मी त्या माणसाला माफ केलं.

आता आमच्याकडची हळद ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. नवरदेवाला हळद लागते ती नावापुरती. खरी लागते ती भाटव्याला. भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, म्हणजे जागेश्वरच्या घरात मी. साळ्या, मेहुण्या, साळ्यांच्या सुना, सगळ्या वर्षानुवर्षं या दिवसाची वाट पाहतात. भाटवा पळाला तर त्याला वावरातून धरून आणतात. बाहेरच्या माणसाला हा अपमान वाटेल, पण हा मान आहे. हळद लागली नाही तर भाटवा रुसून जेवायचा नाही, अशी उदाहरणं आहेत.

मी मांडवात स्कार्फ बांधून आलो, यापेक्षा मोठं आमंत्रण कोणतं? "भाटवा वाचून राहिला!" जागेश्वरच्या बायकोनं आरोळी दिली. मी ओरडलो, "अवो, औषध लावलं आहे! डॉक्टरनं मना केलं!" दरवर्षी कोणता ना कोणता भाटवा हेच ओरडतो, त्यामुळे कोणी ऐकलं नाही. चौघींनी हात धरले, पाचवीनं स्कार्फ ओढला, आणि ताजी कुटलेली हळद तेलात कालवून माझ्या सोलून निघालेल्या तोंडावर दोन्ही तळव्यांनी अशी चोळली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. जागेश्वर म्हणत होता, "पाहा पाहा, भाटवा खुशीनं नाचून राहिला!"

धुतलं. साबण लावला नाही, घासलं नाही, कागदाप्रमाणे नुसतं पाणी मारलं. बाकीच्यांची हळद गेली. माझी गेली नाही. कोरी, नवी, तहानलेली कातडी होती, तिनं हळद अशी पिऊन घेतली जसं कोरं सूत पहिला रंग पितं. सांजच्याला डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"हळद?" त्या म्हणाल्या. "कोणी लावायला सांगितली?"

"सांगितली नाही मॅडम. धरून लावली."

मग म्हणाल्या, मलम तेच लावा, घासू नका, रंग सालीबरोबर जाईल, दुखलं तर येऊन दाखवा, आणि मुलीला आणाच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, माझ्याकडे पाहिलं आणि पायरीवरूनच "येतो मी मंग" म्हणून गेलं. चहावाल्यानं रोजच्या काचेच्या ग्लासाऐवजी कागदी कपात चहा आणला आणि कप हातात न देता गल्ल्यावर ठेवला. अकरा वाजता केवळरामजी आले, दारातच थांबले.

"टिकाराम, जीभ काढ."

"कायले जी?"

"कावीळ आहे तुले. पूरा पिवळा झाला ना बे तू."

मी हळद सांगितली, साळ्या सांगितल्या, पील सांगितलं. केवळरामजींनी सगळं ऐकून घेतलं. "डोक्यावर गेली वाटते," ते हळूच म्हणाले. "कावीळ वाढली की माणूस बरळते."

डोळे पांढरे आहेत, असं मी दाखवलं. "डोळे शेवटी होतात," ते म्हणाले. त्यांनी तीस वर्षं भिंतींना औषध मारलं होतं, भिंतींनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे कोणाचं ऐकायची त्यांना सवय नव्हती. दुपारपर्यंत आमच्या वॉर्डात सगळ्यांनी पाणी उकळायला घेतलं. नळाला दोष, विहिरीला दोष, पाणीपुरीवाल्याला दोष. वॉर्डातली आरोग्य खात्याची आशाताई रजिस्टर घेऊन आली. बिचारीची चूक नाही, तिला वरून फोन आला होता. रुग्णाचं नाव, वय, पाणी कुठलं पिता.

"मी रुग्ण नाही."

"तसं लिहायला रकाना नाही जी यात," ती म्हणाली. "रक्ताचा रिपोर्ट आणा, मंग नाव काटतो."

रक्त दिलं. रिपोर्ट नॉर्मल आला. मी तो दुकानाच्या काचेवर चिकटवला, छापील बाजू बाहेर. केवळरामजींनी चष्मा लावून वाचला आणि जमलेल्या चार लोकांना सांगितलं की कावीळ आत दबली आहे, ही जात जास्त खराब. गिऱ्हाइकांत उरल्यासुरल्यांनीही पाठ फिरवली.

यापुढचं मात्र सुमित्रानं केलं. तिला कावीळ पटली नव्हती, पण म्हणाली, लोकांच्या समाधानाला एकदा बपेऱ्याच्या डोमाले बलावून घेऊ. डोमा हा कावीळ उतरवण्यात नामी माणूस. काड्यांची छोटी माळ डोक्यावर ठेवतो, रोज माळ वाढत जाते, गळ्यात उतरते, छातीवर येते. जितकी माळ लांब तितकी कावीळ कमी. अर्धा वॉर्ड अंगणात जमला. माझ्या डोक्यावर माळ ठेवली गेली आणि मी, घरात तीन पिढ्यांचे माग असलेल्या माणसानं, ती काढून हातात घेतली. सरकगाठ होती. धागा ओला करून काड्यांत आवळलेला, वाळला आणि जरा ताण पडला की आपोआप सैल होणार. मी सगळ्यांसमोर दोन बोटांनी ओढून ती माळ गुडघ्यापर्यंत लांब केली.

"घ्या," मी म्हटलं, "उतरली पूरी!"

मला वाटलं टाळ्या पडतील. डोमा उठून निघून गेला. वॉर्ड म्हणाला, टिकारामनं चांगल्या माणसाचा अपमान केला, आता बरा होत नाही. सुमित्रा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

या सगळ्यात एक काम राहून गेलं होतं. रंजिताच्या फॉर्मला माझा उत्पन्नाचा दाखला हवा होता, निदान त्याच्या अर्जाची पावती तरी. अर्जदार मी, म्हणून सेतू केंद्रात जाऊन फोटो मलाच द्यायचा. मी रोज उद्या म्हणायचो. असा चेहरा घेऊन कोण जाईल? उद्या साल निघेल, उद्या रंग उतरेल. रंजिता काही बोलत नव्हती. तिच्या खोलीतून पुस्तकं वाचल्याचा आवाज मात्र रोज येत होता. फॉर्म भरणार नाही म्हणणारी पोरगी पाठ करते कशासाठी, हे माझ्या लक्षात आलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वीस मार्च उजाडला. दुपारी मी म्हटलं, "चाल, दाखल्याचं तरी करून ठेवू. फोटोचं तू पाह्य." ती आली. स्कार्फ बांधूनच आली. मीही बांधला.

सेतू केंद्रात शेवटच्या दिवसाची गर्दी. बाकावर आम्ही दोघं बांधलेली तोंडं घेऊन तास दीड तास बसलो. मग अंकुशनं हाक मारली, "टिकाराम काका! या, फोटो!"

स्कार्फ सोडला. एका बाईनं लेकरू जवळ ओढलं. मी खुर्चीवर बसलो आणि समोरच्या स्क्रीनवर माझं तोंड आलं, घरातल्या आरशात दिसतं त्याच्या दुप्पट मोठं. कपाळ पिवळं, नाक गुलाबी, उजव्या गालावर अर्धी सुटलेली पिवळी साल, आणि तिच्याखाली माझे खड्डे, सगळेच्या सगळे, एकही कमी न होता.

मी उठलो. "नाही काढत."

"काका, चार वाजून गेले. पाचला साइट बंद होते."

"होऊ दे. असा फोटो सरकारच्या घरी जन्मभर राहीन. लोक पाहतीन, हसतीन. मी महिन्याभरानं येतो."

"महिन्याभरानं फारम कुठी राहते काका?"

"मले असं कोणी पाह्यलेलं चालत नाही!" मी ओरडलोच. "तुमाले नाही समजणार! ज्याच्या तोंडावर आहे त्यालेच समजते!"

आणि तोंडातून हे निघालं तसा मी गप्प झालो. चार महिने माझी पोरगी हेच तर सांगत होती. मी त्याला नखरे म्हणत होतो. बाकावर बसलेल्या त्या दोन डोळ्यांकडे पाहायची मला हिंमत होईना. मला इतकी लाज वाटली की खड्ड्यांची लाज तिच्यापुढे काहीच नव्हती.

तेवढ्यात फिस्स असा आवाज आला. मला वाटलं रडते. पाहतो तर पोरगी हसत होती. आधी स्कार्फच्या आत, मग आवाज करून, मग पोट धरून.

"काय झालं?" मी रागानं विचारलं.

"बाबा," तिला बोलता येईना, "बाबा, तुम्ही भाषण देता तं... ते गालाची साल हलून राहिली... झेंड्यासारखी..."

पाठीमागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मग सगळी खोली हसायला लागली. रंजिताला श्वास घेता येईना, म्हणून तिनं स्कार्फ खाली ओढला. चार महिन्यांनी चार लोकांत तिचं तोंड मी पाहिलं. पुटकुळ्या होत्या, माझ्या सोड्याचे डाग होते, आणि डोळ्यांतून हसण्याचं पाणी वाहत होतं. कोणीही तिच्या गालांकडे पाहत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हटा बाबा," ती म्हणाली आणि मला खुर्चीजवळून ढकललं. "अंकुशदादा, पहिले माहा काढ. पाच वाजून जातीन नाही तर."

अंकुशनं कॅमेरा धरला. साइटनं फोटो घेतला नाही. "दात नको दाखवू ताई, हसरा चालत नाही." दुसरा काढला. तोही नाही घेतला. तिसऱ्या वेळी तिनं ओठ घट्ट मिटले, डोळे माझ्याकडे गेले आणि पुन्हा फुटली. साडेचार झाले होते. अंकुशनं कपाळावरचा घाम पुसला. "काका, हात जोडतो, तुम्ही भायर जा. तुमच्यामुळं पोरीचा फारम राहून जाईन!"

मला बाहेर हाकलण्यात आलं. दाराशी उभा राहिलो. आत शांतता. मग अंकुशचा आवाज, "हं... हं... सरळ... झाला! घेतला साइटनं!"

माझ्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. खारं पाणी ते, सरळ सोललेल्या गालावर उतरलं आणि असं झोंबलं की मी आईच्या नावानं बोंब मारली. रांगेतली माणसं दचकली. "रिजेक्ट झाला वाट्टे पोरीचा," कोणीतरी हळहळलं.

रंजिता धावत बाहेर आली. भर बाजाराच्या तोंडावर, दुपारच्या उजेडात, तोंड उघडं टाकून.

"काय झालं बाबा? काहून ओरडले?"

"काही नाही," मी म्हटलं. "साल ओढल्या गेली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात धरला आणि मला आत ओढलं.

"चला, तुमचा नंबर आहे. अन् उद्या मी आईले घेऊन भंडाऱ्याले डॉक्टरकडे जाईन. तुम्ही दुकानातच बसा, तुमच्या तोंडाले आता कोणी हात नाही लावायचा."